ओट्याआधी वही

दुकानात रोजमेळात दहा रुपयांचा फरक आला, तर तो सापडेपर्यंत गल्ल्यावरून न उठणारा व्यापारी घराच्या कामाला हात घालतो तेव्हा मात्र “होईल तेवढे होईल” असे म्हणून मोकळा होतो. मालाची एक गाठ घेताना तीन पेढ्यांचे भाव विचारणारा हाच गृहस्थ स्वयंपाकघराची लाखांची ऑर्डर एका संध्याकाळी, रंगीत चित्र पाहून देऊन येतो. काम संपते, पाहुणे कौतुक करतात आणि चार महिन्यांनी हंगामाचा माल भरताना हातात रोकड का कमी पडते आहे, याचा उलगडा होत नाही.

खर्च करणे हा दोष नव्हे. पंचवीस-तीस वर्षे वापरलेले स्वयंपाकघर बदलावेच लागते. भिंतीतील नळ झिजतात, ओट्याखालची लाकडी दारे फुगतात, झुरळे घर करतात. प्रश्न असतो तो खर्चाच्या क्रमाचा. बहुतेक घरांत आधी वस्तू ठरतात, मग रक्कम कळते आणि शेवटी पैसा कोठून आणायचा याचा विचार होतो. हा क्रम उलटा केला, तर तीच रक्कम दुप्पट उपयोगी पडते.

उदाहरण म्हणून एका घराची वही उघडून पाहू. तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान, वर राहते घर, तीन पिढ्या एकत्र. स्वयंपाकघर दहा फूट बाय आठ फूट. घरात सासूबाईंचा वर्षीतप चालू, म्हणजे एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी बियासणे. पारणे अक्षय तृतीयेला. चौविहार पाळणारे घर असल्याने संध्याकाळचा स्वयंपाक सूर्यास्ताआधी आटोपलेला. साधू-साध्वीजींचा विहार त्या रस्त्याने होत असल्यामुळे गोचरीचा लाभही वरचेवर. अशा घरात स्वयंपाकघर ही केवळ अन्न शिजवण्याची जागा राहत नाही. घराचे अर्धे व्रत तेथेच पाळले जाते.

मर्यादा आधी

पर्युषण आटोपल्यावर घरात विषय निघाला. धाकट्या मुलाने शहरातील एका दुकानातून आराखडा आणला. किंमत ७,४०,००० रुपये. थोरला मुलगा म्हणाला, “कॅश क्रेडिट खात्यात जागा आहे, तिथून उचलू.” वडील गप्प राहिले. सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, “आपण वास्तू आणि राचरचिला यांचे परिमाण घेतले आहे ना? त्यात हे बसते का?”

हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, म्हणजे परिग्रह-परिमाणात, क्षेत्र, वास्तू, सोने-नाणे, धन-धान्य यांच्या जोडीने ‘कुप्य’ हा शब्द येतो. श्वेतांबर परंपरेत त्याचा अर्थ सोन्या-चांदीखेरीजच्या धातूंची भांडी आणि घरातील सामान असा केला जातो. ठरवलेल्या प्रमाणाचे उल्लंघन हा त्या व्रताचा अतिचार. म्हणजे स्वयंपाकघरातील कपाटे आणि भांडी व्रताच्या यादीत शतकानुशतके आहेतच. आधुनिक भाषेत ज्याला अंदाजपत्रक म्हणतात, त्याचा आत्मा याहून निराळा नाही: इच्छा जागी होण्यापूर्वी मर्यादा लिहून ठेवणे.

त्या घराने मर्यादा लिहिली: ५,००,००० रुपये, एक रुपयाही अधिक नाही. त्यातील दहावा हिस्सा, म्हणजे ५०,००० रुपये, आरंभीच राखीव म्हणून बाजूला काढला. जुने काम फोडल्याशिवाय भिंतीत काय दडले आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून ही राखीव रक्कम वस्तूंच्या खरेदीला लावायची नाही, असेही वहीत लिहिले.

पैसा कोणाचा, हे स्पष्ट असावे

कॅश क्रेडिटची मर्यादा बँक देते ती मालासाठी आणि उधारीसाठी. ते खेळते भांडवल आहे. त्यातून घराचा ओटा बांधणे म्हणजे मंजूर हेतूबाहेर रक्कम वळवणे. त्याशिवाय अशा उचलीवरील व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, कारण रक्कम धंद्यासाठी वापरलेलीच नसते. सर्वांत मोठे नुकसान हिशेबात दिसतही नाही. हंगामाच्या तोंडावर रोखीने घेतल्यास सवलतीत मिळणारा माल हातातून जातो.

दुसरा मोह बिलाचा. कपाटांचे बिल दुकानाच्या नावे करून जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट घ्यावे, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वैयक्तिक उपभोगाच्या वस्तूंवरील कराचे क्रेडिट कायद्याने मिळत नाही. घेतले, तर पुढे ते व्याजासह परत करण्याची वेळ येते. तिसरा मोह रोखीचा. एकाच व्यवहारापोटी दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला भरावा लागतो. म्हणूनच बिल घराच्या नावे, रक्कम बँकेतून आणि दुकानाच्या वहीत जे निघेल ते मालकाच्या उचल खात्यात, असा सरळ मार्ग त्या घराने ठरवला. तीन लाख मुदत पूर्ण झालेल्या ठेवीतून आणि दोन लाख दिवाळीची वसुली आल्यावर उचल म्हणून.

ज्यांच्याकडे ही सोय नाही, त्यांनी कर्ज घेण्यापूर्वी दराची भाषा समजून घ्यावी. दोन लाख रुपये तीन वर्षांसाठी घेतले आणि व्याज घटत्या शिलकीवर ११ टक्के असले, तर मासिक हप्ता सुमारे ६,५४८ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ३५,७०० रुपये. तेच दोन लाख कोणी ‘फक्त ८ टक्के फ्लॅट’ म्हणून देऊ केले, तर व्याज होते ४८,००० रुपये आणि हप्ता सुमारे ६,८८९. आठ टक्के हा आकडा अकरापेक्षा लहान दिसतो, पण घटत्या शिलकीच्या हिशेबाने तो सुमारे साडेचौदा टक्के पडतो. मूळ रक्कम दरमहा फिटत असतानाही व्याज मात्र पूर्ण रकमेवरच आकारले जाते, हे त्याचे कारण.

‘शून्य टक्के हप्ता’ हाही असाच भ्रम. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही. रोखीने घेतल्यास मिळणारी सूट नाकारली जाते किंवा प्रक्रिया शुल्क लावले जाते; व्याज तेथे लपलेले असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँका व वित्तसंस्थांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यातील वार्षिक टक्केवारी दर हा आकडा तेवढा वाचावा. शुल्कासह खरा भार त्यात दिसतो. घरात ठेव असेल तर ती मोडण्याऐवजी तिच्या तारणावर कर्ज घेणे बहुधा स्वस्त पडते. त्याचा दर साधारणतः ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच अधिक असतो.

दिवसभराची वही

रक्कम ठरल्यावर थोरल्या सुनेने जे केले, ते प्रत्येक घराने करण्यासारखे आहे. तिने आठ दिवस स्वयंपाकघरात एक वही ठेवली. पाणी किती वेळा गाळले, उकळलेले पाणी कोठे निवत ठेवले, कोणता डबा दिवसातून दहा वेळा काढावा लागला, कोणती वस्तू एकदाही लागली नाही, कोठे वाकावे लागले, कोठे अंधार पडला, हे सारे ती लिहीत गेली. आठवड्याअखेर आराखडा आणि वही शेजारी ठेवल्यावर घरातील सर्वांच्या लक्षात आले की ७,४०,००० रुपयांचे ते स्वयंपाकघर दुसऱ्याच कोणत्या तरी घरासाठी आखलेले आहे.

त्यात कांदा-बटाट्याच्या जाळीदार टोपल्यांचा एक संपूर्ण कप्पा होता. कंदमुळे घरात येतच नाहीत. कोपऱ्यात फिरत्या चक्रीचे महागडे कपाट होते. त्याच्या तळाशी कण साठतात, हात पोहोचत नाही आणि जीवजंतू होतात. मोठ्या फ्रिजसाठी जागा होती. या घरात शिळे ठेवण्याचा प्रश्नच नाही, लहान फ्रिज पुरतो. दार उघडताच आपोआप पेटणारे दिवे होते. साध्वीजी गोचरीस आल्या असता आहार काढण्यासाठी दार उघडले आणि दिवा पेटला, तर तेउकायाच्या विराधनेमुळे गोचरी असूझती होते. पैसे देऊन विकत घेतलेली सोय घरच्याच आचाराच्या आड आली असती.

उलट जे हवे होते, ते आराखड्यात नव्हते. उकळलेले पाणी निववण्यासाठी मोठी पातेली ठेवता येतील अशी अडीच फुटांची मोकळी जागा. शिजलेले अन्न ठेवण्यासाठी शेगडी आणि बेसिन या दोहोंपासून दूर असा कोरडा ओटा, म्हणजे वहोरावताना कच्चे पाणी, अग्नी किंवा हिरवी भाजी यांचा स्पर्श होणार नाही. धान्य निवडण्यासाठी खिडकीजवळचा उजेड. आणि पश्चिमेची खिडकी पूर्ण मोकळी, कारण संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याच उजेडात होतो. आराखड्यात त्या खिडकीचा अर्धा भाग वरच्या कपाटाने झाकला होता. ज्या दिगंबर घरांत मुनींच्या आहारासाठी चौका लागतो, तेथेही शुद्धीच्या मर्यादा लक्षात घेऊन अशी वही आधीच करावी.

खाती आणि रकमा

राखीव वगळता उरलेल्या ४,५०,००० रुपयांची वाटणी त्या घराने अशी केली. फोडकाम, नळ, निचरा, वीज, फरशी व गवंडीकाम १,१०,०००. ग्रॅनाइटचा ओटा, बेसिन व तोट्या ५५,०००. कपाटे आणि त्यांचे बिजागर-सरक पट्ट्यांसह सामान १,९५,०००. शेगडी व चिमणी ४०,०००. पाण्याचे यंत्र, दिवे व रंग ३०,०००. तात्पुरते स्वयंपाकघर आणि राडारोडा उचलणे २०,०००. गावोगावचे दर निराळे असल्याने रकमा बदलतील. क्रम मात्र बदलू नये: आधी भिंतीतले, मग ओट्यावरचे, शेवटी डोळ्यांना दिसणारे.

या यादीतील शेवटचे खाते बहुतेक अंदाजपत्रकांत नसतेच. पण वर्षीतप चालू असलेल्या घरात स्वयंपाकघर एक दिवसही बंद ठेवता येत नाही. गच्चीजवळच्या खोलीत शेगडी, पाण्याची सोय आणि एक टेबल मांडण्यास खर्च येतो, तो आधी लिहिलेला बरा.

दरपत्रकांची तुलना हा सर्वांत फसवा भाग. एक कारागीर ओट्याच्या धावत्या फुटावर दर सांगतो, दुसरा चौरस फुटावर, तिसरा ठोक. त्या घराने सर्वांकडून चौरस फुटाचाच दर मागितला आणि माप स्वतः काढले. खालची कपाटे १५ फूट बाय अडीच फूट, म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. वरची १० बाय २, म्हणजे वीस. माळ्याची तेवढीच, वीस. उभे कपाट अडीच बाय सात, म्हणजे साडेसतरा. एकूण ९५ चौरस फूट. १,३०० रुपये दराने १,२३,५०० रुपये झाले आणि कारागिराने तोंडी हाच आकडा सांगितला. सामान वेगळे, ३०,०००. एकूण १,५३,५०० वर १८ टक्के जीएसटी, २७,६३०. प्रत्यक्ष देय १,८१,१३०. तोंडी आकडा आणि खरा आकडा यांतील हे ५७,६३० रुपयांचे अंतर काम सुरू होण्यापूर्वी कळले, तर ते अंदाजपत्रक. नंतर कळले, तर तो वाद.

कोठे वाचवू नये

जैन घरात स्वयंपाकघराच्या टिकाऊपणाचा संबंध थेट जयणेशी आहे. ओल, फट आणि अंधार या तीन ठिकाणी जीवोत्पत्ती होते. एकदा ती झाली की औषध फवारावे की त्रास सोसावा असा पेच उभा राहतो. तो पेच येऊच नये यासाठी केलेला खर्च हा अहिंसेवरचा खर्च होय.

म्हणून बेसिनखालच्या कपाटांसाठी ‘आयएस ७१०’ या मानकाचे, पाण्यात टिकणारे प्लायवुड घ्यावे. ‘आयएस ३०३’ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडचे मानक आहे. त्याचा माल कोरड्या जागी चालतो. पाटीवर मानक क्रमांक व आयएसआय चिन्ह छापलेले असते, ते कापण्यापूर्वी पाहावे. कापल्यावर सर्व लाकूड सारखेच दिसते. प्रत्येक कडा पट्टीने बंद करून घ्यावी. कपाटे पायांवर उभी करून खालची पट्टी काढता येईल अशी ठेवावी, म्हणजे केरसुणी आत पोहोचते. निचऱ्याच्या नळाला जाळी आणि पाण्याचा अडथळा असावा. जाळ्यांसाठी ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील ओलाव्यात अधिक टिकते. केवळ लोहचुंबक लावून ही प्रत ओळखता येत नाही, कारण स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक फारसे चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घेणे हाच उपाय.

पाण्याच्या यंत्राबाबत तर खरेदीपूर्वी पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानक ‘आयएस १०५००’ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. पाणी त्याहून मृदू असेल, तर क्षार कमी करण्यासाठी आरओ यंत्राची बहुधा गरज नसते. साधे यंत्र पुरते. आरओ यंत्र पाणी शुद्ध करताना बरेच पाणी मोरीत सोडते. अप्कायाचा विचार करणाऱ्या घराने ते विनाकारण का सोडावे? आणि यंत्र कोणतेही असो, गाळण्याचे वस्त्र सुटत नाही.

ओट्याची उंची कारागिराच्या सवयीने ठरवू नये. जी रोज उभी राहते, तिच्या कोपराचे माप घ्यावे. ग्रॅनाइट बसल्यावर दोन इंचांची चूक वीस वर्षे पाठीला सोसावी लागते.

काम आणि चुकवणी

चातुर्मास संपल्यावर, कार्तिक पौर्णिमेनंतर काम सुरू झाले. पैसे देण्याचे टप्पे करारातच लिहिले होते: आगाऊ २० टक्के, माल घरी येऊन तपासल्यावर ३०, कपाटे बसल्यावर ३०, काम पूर्ण झाल्यावर १० आणि उरलेले १० टक्के महिनाभर वापरून झाल्यावर. शेवटचा हिस्सा हातात असला की बिजागर कुरकुरल्याची तक्रार करताना आवाज चढवावा लागत नाही.

फरशी काढल्यावर निचऱ्याचा जुना नळ सडलेला निघाला. २८,००० रुपये अधिक लागले. राखीव रक्कम त्यासाठीच होती, म्हणून घरात कोणी कोणाकडे पाहिले नाही. कपाटांच्या खात्यात वाचलेले १३,८७० रुपये निवणाऱ्या पाण्याच्या वाढीव ओट्यात गेले. काम आठवडाभर लांबले, पण बियासण्याची वेळ एकदाही चुकली नाही.

अखेरच्या पानावर राखीव खात्यात २२,००० रुपये शिल्लक दिसले. धाकट्या मुलाने सुचवले, “निदान काचेची दारे तरी बसवून घेऊ.” वडिलांनी वही पुढे केली. पहिल्या पानावर, सप्टेंबरातल्या तारखेखाली, त्याच्याच अक्षरात लिहिलेले होते: राखीव रक्कम वस्तूंना लावायची नाही. ते २२,००० रुपये उचल खात्यातून कमी होऊन दुकानात परत गेले. दुकानाच्या नोकराला कदाचित ती एक साधी जमा नोंद वाटली असेल.

अक्षय तृतीयेला त्या ओट्यावर उसाच्या रसाची भांडी मांडली गेली. चारशे दिवसांच्या तपाचे पारणे होते. सारे नातेवाईक आले होते. अनेकांनी स्वयंपाकघर पाहिले आणि विचारले, किती लागले? सासूबाईंनी आकडा सांगितला नाही. “जेवढे ठरवले होते, त्याहून थोडे कमी,” एवढेच त्या म्हणाल्या.